खोदकाम शेजारी, भेगा आपल्या घरी

शेजारच्या प्लॉटवर भूमिपूजन झालं की पेढ्यांचा बॉक्स घरी येतो. देणारा हसतमुख असतो आणि घेणाराही "छान झालं, लवकर पूर्ण होऊ दे" म्हणतो. आठवडाभरात पोकलेन येतो आणि पेढ्यांची चव तोंडातून निघून जाते. धूळ, आवाज, रात्री अकरा वाजता धडाडत उतरणारी खडी, हे सगळं माणूस सोसतो. शहरात राहायचं तर एवढं सोसावं लागतंच. आपलं घर बांधलं गेलं तेव्हा शेजाऱ्यांनीही ते सोसलेलं असतं. खरा प्रश्न उभा राहतो तो एखाद्या सकाळी चहा घेता घेता खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरपी निघालेली रेघ दिसते तेव्हा. कोळ्याचं जाळं असेल म्हणून बोट फिरवावं, तर बोटाला गिलाव्याची कड लागते.

आता विचारायचं कोणाला? पोकलेनवाला म्हणतो, "मला दाखवलं तिथे मी खोदतो." मुकादम म्हणतो, "साहेबांना विचारा." साईटवरचा सुपरवायझर म्हणतो, "खोदकामाचा ठेका वेगळ्या पार्टीला दिलाय." ती पार्टी फोन उचलत नाही. बिल्डरच्या ऑफिसातली मुलगी फार गोड बोलते, नाव-नंबर लिहून घेते आणि पुढे काहीच होत नाही. ज्याची जमीन आहे तो म्हणतो, "मी तर सगळं बिल्डरला दिलंय. माझा त्यात काय संबंध?" भेग मात्र रोज तिथेच असते.

नाशिकमधल्या एका जुन्या कॉलनीतल्या जोडप्याच्या वाट्याला गेल्या काही वर्षांत नेमकं हेच आलं. काका बँकेतून निवृत्त झालेले, काकू शाळेतून. घर १९८६ सालचं, नऊ इंची विटांच्या भिंतींवर उभं असलेलं. शेजारचा बंगलाही त्याच सुमाराचा. दोन्ही घरांच्या मधल्या कुंपणाच्या भिंतीत एक छोटं लोखंडी फाटक होतं. त्यातून तीस वर्षं वाट्या, विरजण, वर्तमानपत्रं आणि मुलं ये-जा करत होती. शेजारचे दोघंही वारले. त्यांच्या मुलांपैकी एक परदेशात, धाकटा पुण्यात. बंगला सांभाळायला कोणी नाही, म्हणून त्यांनी विकसन करारनामा करून तो बिल्डरला दिला. त्यात वावगं काहीच नव्हतं. कॉलनीतले अर्धे बंगले याच वाटेने गेले आहेत.

नव्या इमारतीला तळघरात पार्किंग होतं. म्हणजे पाच फुटी पाया नव्हे, पंधरा फूट खोल खड्डा, तोही कुंपणापासून जेमतेम चार फुटांवर. वर काळी माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. मुरमापर्यंत काम भराभर झालं. खडक लागल्यावर ब्रेकर आला. काकूंच्या फडताळातल्या कपबश्या दिवसभर किणकिणत राहिल्या. पहिल्या महिन्यात भेग दिसली. दुसऱ्या महिन्यात मोरीचं पाणी तुंबलं. चेंबर उघडून पाहिला तर आत सिमेंटचा गाळ धरून दगड झालेला. साईटवर मिक्सर धुऊन ते पाणी सरळ कॉमन ड्रेनेजमध्ये सोडत होते. आणि जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात कुंपणाची चाळीस फूट भिंत, त्या फाटकासकट, खड्ड्यात आडवी झाली. दुपारच्या जेवणाची सुट्टी होती म्हणून खाली कोणी नव्हतं.

हे शेवटचं वाक्य वाचून पुढे जाण्याजोगं नाही. जून २०१८ मध्ये मुंबईत वडाळ्याच्या अँटॉप हिल भागात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या खोदकामाच्या खड्ड्यात कोसळली आणि आवारातल्या मोटारी मातीसकट खाली गेल्या. तिथे जीवितहानी झाली नाही. पुढच्याच वर्षी, २९ जून २०१९ च्या रात्री, पुण्याच्या कोंढव्यात सोसायटीची भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली. पंधरा माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. भिंत पडते तेव्हा वर राहणाऱ्यांचं घर जातं आणि खाली राहणाऱ्यांचा जीव. म्हणून भिंतीला बाक आलेला दिसला, कुंपणालगतची फरशी किंवा जमीन खचताना दिसली, तर "उगाच कटकट नको" म्हणून गप्प बसणं हा शेजारधर्म नव्हे. त्याच दिवशी लेखी कळवावं, बिल्डरला आणि महापालिकेलाही, आणि खाली झोपड्या असतील तर त्या माणसांना आधी उठवून बाजूला करावं.

नाशिकच्या काकांनी पहिल्यांदा केलं ते बहुतेक सगळे करतात ते. ते मुकादमावर ओरडले. मुकादम बीडकडचा, ऊस संपला की बांधकामावर येणारा. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो बदलला गेला आणि नव्याला पहिल्या दिवशीचं काहीच ठाऊक नव्हतं. मजुरांशी भांडून आजवर कोणाची भिंत उभी राहिलेली नाही. नंतर काका पोलीस ठाण्यात गेले. तिथे "ही दिवाणी बाब आहे" असं सांगून अर्ज ठेवून घेतला. ग्राहक न्यायालयाची कल्पना एका नातेवाइकाने दिली, पण तीही चालण्यासारखी नव्हती. ज्याने पैसे मोजून सेवा घेतली तो ग्राहक. शेजाऱ्याने त्या ठेकेदाराकडून काहीच घेतलेलं नसतं, भेगा सोडल्या तर.

मग कायदा शेजाऱ्याच्या बाजूने काही बोलतो की नाही? बोलतो, आणि बराच जुना बोलतो. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या एका गिरणीमालकाने तलाव बांधायचं काम ठेकेदारांवर सोपवलं होतं. जागेखाली जुन्या, सोडून दिलेल्या खाणींची तोंडं निघाली. ठेकेदारांनी ती नीट बुजवली नाहीत. १८६० च्या डिसेंबरमध्ये तलावाचं पाणी त्यांतून उतरून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत भरलं. गिरणीमालकाचा स्वतःचा हलगर्जीपणा नव्हता, तरीही १८६८ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने भरपाई त्याच्याच माथी ठेवली. १८८१ साली दुसरा निवाडा आला. घोडागाड्यांच्या एका कारखान्याला शेजारच्या जमिनीचा आधार होता. शेजारचं घर पाडून ठेकेदाराने खोल खणलं आणि कारखाना कोसळला. त्या कारखान्याच्या इमारतीला वीस वर्षांहून अधिक काळ तो आधार मिळत होता, म्हणून तो तिचा हक्कच झाला होता, असं ठरलं. काम ठेकेदाराने केलं, ही सबबही टिकली नाही.

पुढच्याच वर्षी आपल्याकडे १८८२ चा ईझमेंट्स ॲक्ट, म्हणजे सुविधाधिकारांचा कायदा झाला आणि १८९१ मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. त्यात दोन गोष्टी आहेत. मोकळ्या, नैसर्गिक स्थितीतल्या जमिनीला शेजारच्या जमिनीचा आधार मिळणं हा मालकाचा मूळचाच हक्क आहे. आणि त्या जमिनीवर इमारतीचं ओझं असेल, तर वीस वर्षं विनातक्रार, विनाखंड आधार मिळाल्यावर इमारतीसाठीही तो हक्क मागता येतो. १९८६ चं घर वीस वर्षांची परीक्षा केव्हाच पास झालेलं. हा कायदा देशातल्या सगळ्याच राज्यांत लागू नाही, म्हणून महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळींनी आपल्या गावच्या वकिलाला एकदा विचारून घ्यावं. पण शेजाऱ्याला धोका होईल असं काम दुसऱ्याच्या हातून करून घेतलं म्हणून ते करवून घेणाऱ्याला हात झटकता येत नाहीत, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनाही अपरिचित नाही.

काकूंना खरी अडचण इथेच आली. वकिलांनी सांगितलं, नोटीस बिल्डरला आणि जमीनमालकाला, दोघांनाही जाईल. जमीनमालक म्हणजे कोण? ज्याला लहानपणी ताप आला की आईच्या आधी काकू थर्मामीटर घेऊन धावायच्या तो धाकटा. त्याच्या नावाने वकिलाची नोटीस? काकूंनी आठ दिवस सही केली नाही. काका चिडले. "त्याच्या बापाने मला भाऊ मानलं होतं, म्हणून तर त्याने आधी फोन करायला हवा होता," असं त्यांचं म्हणणं. घरात या विषयावर जे बोलणं झालं ते भेगेपेक्षा खोल गेलं.

अखेर काकूंनी स्वतः पुण्याला फोन लावला. नोटिशीची धमकी दिली नाही, रडगाणंही गायलं नाही. म्हणाल्या, "अरे, तुझ्या आईने लावलेलं फाटक खड्ड्यात पडलंय. तू एकदा येऊन बघून जा." तो रविवारी आला. स्वयंपाकघरात उभा राहून त्याने भेग पाहिली, चेंबर पाहिला आणि बराच वेळ बोलला नाही. त्याला खरोखरच काही माहीत नव्हतं. बिल्डरकडून त्याला दर महिन्याला फक्त प्रगतीचे फोटो यायचे आणि त्या फोटोंत शेजारचं घर नसायचं. गावाबाहेर राहणाऱ्या जमीनमालकांपैकी अनेकांची हीच गत असते. म्हणून पहिला फोन त्यांना करावा. भांडण्यासाठी नव्हे, तर विकसन करारनाम्यात शेजाऱ्यांच्या नुकसानीची जबाबदारी बिल्डरने उचलल्याचं कलम बहुधा असतं आणि ते कलम दाखवून बोलण्याचा अधिकार मालकालाच असतो, म्हणून.

बिल्डरने मात्र पहिल्याच बैठकीत पत्ता टाकला, "भेगा आधीपासूनच होत्या. काळ्या मातीवरचं घर आहे, भेगा पडणारच." बोलणं चुकीचं होतं असंही नाही. काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते आणि तिच्यावर उथळ पाया असलेली घरं दर वर्षी थोडी हलतात. नाशिकपासून नागपूर, इंदूरपर्यंतच्या जुन्या घरांत अशा भेगा सापडतातच. गिलाव्यावर केसासारख्या बारीक रेषा असतील तर त्यांचं खापर शेजाऱ्यावर फोडणं अन्यायाचंच. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघणारी, भिंतीच्या दोन्ही अंगांना दिसणारी आणि आठवड्या-आठवड्याने रुंदावत जाणारी भेग वेगळी. ऋतू बदलला की जी मिटते ती मातीची, आणि जी वाढतच जाते तिच्यासाठी शेजारच्या खड्ड्याकडे पाहावं, असा एक ढोबळ आडाखा. पक्कं सांगायचं काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचं. त्याची फी देताना हात आखडू नये. पुढच्या प्रत्येक पायरीवर त्याचाच कागद विचारला जातो.

पण आधी भेग नव्हती, हे सिद्ध कसं करणार? शहाण्या माणसाने पोकलेन येण्यापूर्वीच घराच्या प्रत्येक भिंतीचे, छताचे, कुंपणाचे, चेंबरचे फोटो तारखेनिशी काढून ठेवावेत आणि शेजाऱ्याला व बिल्डरला सोबत घेऊन एकत्र पाहणीचा कागद करावा. चांगले बिल्डर स्वतःहून हे करतात, कारण त्यात त्यांचाही बचाव असतो. काका-काकूंकडे यातलं काहीच नव्हतं. होता तो अल्बम. काकूंच्या मुलीचं केळवण त्याच खोलीत झालं होतं, नंतर नातवाचं बारसं, मग काकांची एकसष्टी. प्रत्येक फोटोत माणसांच्या डोक्यांवर तीच खिडकी आणि तिचा तोच कोपरा, स्वच्छ, न तडकलेला. अठरा फोटो निघाले. इंजिनिअरने ते आपल्या अहवालाला जोडले. बिल्डरच्या माणसाने अल्बम चाळला, केळवणाच्या फोटोवर जरा थांबला आणि त्यानंतर काळ्या मातीचा विषय पुन्हा निघाला नाही.

इंजिनिअरने आणखी एक सोपी गोष्ट केली. भेगेवर आडव्या काचेच्या पातळ पट्ट्या प्लास्टरने चिकटवल्या आणि बाजूला पेन्सिलने तारीख लिहिली. भिंत हलत असेल तर काच तडकते. तीन आठवड्यांत दोन पट्ट्या तडकल्या, ब्रेकर चालू असतानाच. त्यांचे फोटो आणि पत्र महापालिकेच्या नगररचना विभागात गेलं, पोहोच घेऊन. बांधकामाची परवानगी देताना पालिका अटी घालते. त्यांचा भंग होत असेल तर १९६६ च्या नगररचना कायद्याखाली काम थांबवण्याची नोटीस काढायचे अधिकार तिला आहेत. ते अधिकार पालिका किती तत्परतेने वापरते, यावर प्रत्येक गावाचं स्वतंत्र मत असेल. इथे तरी एक कनिष्ठ अभियंता येऊन पाहून गेला आणि त्यानंतर खड्ड्याच्या त्या बाजूला आधाराचं काम आधी, खोदकाम नंतर, असा क्रम लागला. तो क्रम मुळातच तसा असायला हवा होता.

बिल्डर कोण, त्याचा पत्ता काय, मंजूर नकाशात तळघर आहे की नाही, हे शोधायला आता फार वणवण करावी लागत नाही. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जागेवरचा आणि आठांहून अधिक फ्लॅटचा विक्रीचा प्रकल्प रेरामध्ये नोंदवावा लागतो आणि महाराष्ट्रात २०१७ पासून ती माहिती महारेराच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. भरपाई मागायला रेरा शेजाऱ्याच्या उपयोगाची नाही, पण नोटिशीवरचा पत्ता बरोबर लिहायला आहे.

आता पैशांची गोष्ट. ती या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी बोलली जाणारी. मोठ्या कामांचा बहुधा विमा काढलेला असतो. "आमचा इन्शुरन्स आहे, काळजी करू नका," असं सुपरवायझर खुशाल सांगतो. पण बांधकामाच्या नेहमीच्या पॉलिसीत हादऱ्यांमुळे किंवा जमिनीचा आधार काढल्यामुळे शेजारच्या इमारतीला होणारं नुकसान सहसा वगळलेलं असतं. ते हवं असेल तर वेगळं कलम जोडून घ्यावं लागतं आणि त्यासाठी शेजारची इमारत आधी कशी होती याचा अहवाल लागतो. म्हणजे फिरून पुन्हा त्या पहिल्या फोटोंवर. पॉलिसीची प्रत मागावी आणि ते कलम आहे का, एवढंच पाहावं. नाशिकच्या कामात ते नव्हतं.

दुसरी नाडी म्हणजे ठेकेदाराचं शेवटचं बिल. बिल्डर ठेकेदाराच्या प्रत्येक बिलातून काही रक्कम, बहुधा पाच ते दहा टक्के, कापून ठेवतो आणि काम बिनबोभाट पूर्ण झाल्यावर ती सोडतो. शेजाऱ्याच्या तक्रारीला वजन असतं ते ही रक्कम सुटेपर्यंत. खोदकामवाला हिशेब चुकता करून पुढच्या साईटवर गेला की बिल्डरला आपल्या खिशात हात घालावा लागतो आणि मग त्याची भाषा बदलते. "काम पूर्ण होऊ द्या, शेवटी सगळं एकदम करून देऊ," हे आश्वासन ऐकायला समजूतदार वाटतं. पण शेवटी तिथे फक्त फ्लॅट घेतलेली नवी मंडळी उरतात. चेंबर साफ करणं, ड्रेनेजची लाईन बदलणं, भिंत बांधणं ही कामं त्याच महिन्यात मागावीत आणि भेगांसाठी रकमेचा आकडा लेखी ठरवून घ्यावा.

एवढ्यावर जमलं नाही तर दिवाणी न्यायालय आहे. तिथे धोकादायक खोदकामाला मनाई हुकूम मागता येतो आणि जागेची पाहणी करून अहवाल देण्यासाठी कोर्ट कमिशनर नेमण्याची विनंतीही करता येते. कमिशनरचा अहवाल लवकर झाला तर बरं, कारण खड्डा एकदा स्लॅबखाली गेला की पाहायला काहीच राहत नाही. भरपाईच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. खोदकामाने लगेच नव्हे तर काही काळाने घराला इजा झाली, तर मुदत इजा झाल्यापासून मोजतात. दावा मात्र वर्षानुवर्षं चालतो आणि दावा लावणाऱ्याचं वय त्याच्यासाठी थांबत नाही, हे काकांनी बँकेत असताना पुष्कळ पाहिलं होतं.

त्यांचं प्रकरण कोर्टात गेलं नाही. वकिलांची नोटीस गेली ती फक्त बिल्डरला. जमीनमालकाला काकूंनी स्वतःच्या अक्षरात पत्र लिहिलं, रजिस्टर्ड पोस्टाने, त्याला आधी फोनवर सांगून. "वकिलांना कागद लागतो रे, मनावर घेऊ नकोस." त्याने मनावर घेतलं नाही. उलट त्या पत्राची प्रत त्याने बिल्डरच्या टेबलावर ठेवली आणि तळघराचं काम निस्तरल्याशिवाय पुढच्या कागदांवर सही करणार नाही, असं सांगितलं. तडजोड स्टॅम्प पेपरवर झाली. ड्रेनेजची लाईन नवी. कुंपणाची भिंत आता विटांची नाही, आरसीसीची. भेगा भरण्याचा आणि रंगाचा खर्च इंजिनिअरच्या अंदाजाप्रमाणे, त्यातला निम्मा खोदकामवाल्याच्या बिलातून. काका म्हणतात, पूर्ण मिळाले नाहीत. काकू म्हणतात, मिळाले तेवढे पुष्कळ. या मुद्द्यावर दोघांचं अजून एकमत नाही.

भिंत बांधताना सुपरवायझरने विचारलं, "मावशी, फाटकाला जागा सोडायची का?" पलीकडे आता चोवीस फ्लॅट होणार. काकूंनी विचार करून सांगते म्हटलं आणि संध्याकाळी नको म्हणून कळवलं. गंजलेलं जुनं फाटक ढिगाऱ्यातून काढून धाकट्याने पुण्याला नेलं.

भेगा अजून भरलेल्या नाहीत. इंजिनिअरने बजावलंय, एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या, भिंत शांत झाली की मगच भरा, नाहीतर रंगाचे पैसे वाया जातील. नव्या काचपट्ट्या लावून पाच महिने झालेत. अजून एकही तडकलेली नाही. रंगारी दर पंधरा दिवसांनी फोन करून विचारतो आणि काकू त्याला दिवाळीनंतर ये म्हणून सांगतात.